पळसाच्या पानांची तिरडी

चांदा जिल्ह्याचा वार्ताहर म्हणून भुताखेतांच्या बातम्या माझ्याकडे पुष्कळ येत. मी त्या तपासत असे आणि बहुतेक टोपलीत टाकत असे. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही... पण ही एक हकीकत मला टाकता आलेली नाही.

एकोणीसशे छप्पन सालचा मार्गशीर्ष. ब्रह्मपुरीपासून सात मैलांवर, वैनगंगेच्या काठचं धानाचं गाव. महायुद्धात इथले पाच जण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले होते. त्यांतले चौघे बेपत्ता. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. बारा वर्षं भरली होती. चौघे संगं गेले, संगंच जातील, असं घरच्या बायांनी ठरवलं. म्हणून पुतळे चार, तिरडी एकच.

पाचवा दसरू. तो परतला, पण दोन्ही पाय मांडीपासून गेलेले. हातांत लाकडी ठोकळे धरून, जमिनीला रेटा देत तो पुढे सरके. दोर वळून पोट भरी. तिरडीचे दोरही त्यानेच वळले होते. त्याला तिरडी उचलायची होती. पाटील तयार नव्हते.

"धड माणसानं उचलाची असते, दसरू. कलंडन ना बाबू!"

"माह्या हातचा दोर चालते, मी नाई चालत? काऊन?" दसरू म्हणाला. "बाँब पडला तवा मले उचलून आणलं, पाटीलभाऊ. हे चौघं तिथीच राह्यले. आता मले उचलाचं हाय त्याइले."

"तू मागून ये," पाटील म्हणाले.

मी वहीत लिहून घेत होतो.

चार तरण्या गड्यांनी तिरडीला हात घातला. ती उठली नाही.

"काऊन बे, सकाळी जेवला नाईस का?" कोणीतरी हसलं. पुन्हा जोर लावला. पुन्हा नाही. हे नाटक असावं, असं वाटून मी एकाला बाजूला केलं आणि स्वतः खांदा लावला. तासाभरापूर्वी मीच ती तिरडी एकट्याने उचलून सावलीत ठेवली होती — बांबू, पानं, डोक्यांच्या जागी चार नारळ. आता ती जागची हलेना. खाली मूळ, खुंटी, अडकलेला दोर... सगळं पाहिलं. काही नव्हतं.

बेपत्तांपैकी एकाची आई, भागरताबाई, पुढे आली. "बारा वर्सं मी वाट पाह्यली. आता हे चौघं पाहून राह्यले, दसरूची. तो चालन तसं चाला. कोणाले घाई हाय?"

पाटलांनी स्वतः वाकून पुढचा एक बांबू दसरूच्या खांद्यावर ठेवला. बाकी तिघांनी हात खाली सोडून, त्याच उंचीवर, आपापली टोकं धरली.

तिरडी उठली.

नदी अर्ध्या मैलावर. पोचायला दोन तास लागले. प्रत्येक बांधाशी दसरू थांबे, ठोकळे वर टेकवी, रेटा देई. मागे सबंध गाव; कोणी पुढे गेलं नाही, कोणी हळहळ दाखवली नाही, कोणी "राहू दे" म्हटलं नाही. मंत्र्यांच्या मिरवणुका मी पुष्कळ पाहिल्या. इतकी शिस्त एकीतही नव्हती.

सरणाजवळ मी तिरडीचं टोक पुन्हा उचलून पाहिलं. पानांइतकंच वजन. असं का झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्या बातमीत मी ते लिहिलंही नाही.

पण त्या दिवशी काठावर मी दसरूला विचारलं होतं, "उठली तेव्हा एकदम हलकी झाली ना?"

त्याने सदरा खांद्यावरून सरकवला. चार बोटं रुंद, काळानिळा वळ होता. बाकी तिघांच्या तळव्यांवर रेघही नव्हती.

"हलकी?" तो म्हणाला. "मले तं आखरीपर्यंत जडच होती. चार माणसं होती ना, भाऊ."