पाहुण्यांसाठी बंद बाटली

गेल्या शनिवारी कॉव्हेंट्रीच्या आमच्या घरी नातीची मैत्रीण अभ्यासाला येणार होती. मी सकाळपासून बेचैन... तीनदा ओटा पुसला.

चूक माझ्याच तोंडाची. आदल्या आठवड्यात नातीने, यशूने, हिस्ट्रीच्या पुस्तकातला फोटो दाखवला होता. महायुद्धानंतरची अमेरिका, गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा, आणि त्या नळावर वाकलेला एक काळा माणूस. मी पटकन बोलून गेलो, "यांना निदान नळ तरी होता गं."

मग सगळंच सांगावं लागलं. आमच्या गावच्या शाळेत माठाला हात लावायची आम्हाला बंदी होती. कोणी वरून ओतलं तर ओंजळीने प्यायचं, नाहीतर तहानलेलं बसायचं. चौथीत मी आपल्या हाताने पाणी घेतलं, मार खाल्ला, शाळा कायमची सुटली... हे मी मुलालाही कधी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी यशू म्हणते, "आजोबा, तुमची स्टोरी मी प्रेझेंटेशनमध्ये टाकलीय. सायलीला पण सांगितली."

सायली म्हणजे हीच मैत्रीण. पुण्याकडच्या, वरच्या जातीतल्या लोकांची मुलगी. तिच्या घरी कळलं तर? पोरींची मैत्री तुटली तर? माझं जेवणावरून मन उडालं.

सायली आली. मी सवयीने पाण्याची सीलबंद बाटली पुढे केली. आपल्याकडच्या पाहुण्यांना मी चाळीस वर्षं असंच बंद काहीतरी देतो... त्यांच्यावर 'नको' म्हणायची वेळ येऊ नये, आणि माझ्यावर ते ऐकायची.

"आजोबा, काय हे! केवढं प्लास्टिक!" यशू ओरडली.

सायलीने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "आईने शंकरपाळे दिलेत. मी तिला तुमचं सगळं सांगितलं. ती रडली थोडी." मग म्हणाली, "आणि डबा रिकामा पाठवू नका म्हणाली. तुमच्या घरचं काहीतरी हवंय तिला."

घरात होती फक्त मी कुटलेली तिळाची चटणी. शंकरपाळे काढून तीच भरली. झाकण काही केल्या लागेना, डबा मी इतका ठासून भरला होता... शेवटी यशूने लावलं.

पोरी वर अभ्यासाला गेल्या. मी ते पुस्तक उघडून नळावर वाकलेल्या त्या माणसाकडे बघत बसलो. त्याच्याही दारी कधीतरी असा डबा आला असेल, असं उगाच वाटलं... यावा असं वाटलं.

काळजी करायचा माझा स्वभाव काही जायचा नाही. पण सध्या काळजी एवढीच आहे की चटणीत मीठ जास्त तर पडलं नाही ना...