मधल्या पानाचे वकील

अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस बघायचा असेल तर फार लांब जाऊ नका, माझ्याकडेच बघा, असं भवानी पेठेतले हुसेनभाई बाइंडर स्वतःच सांगतात. शिवाजीनगर कोर्टातल्या वकिलांची कायद्याची पुस्तकं त्यांनी पंचवीस वर्षं शिवली. दोरा घालायला सोळा पानांचा प्रत्येक फर्मा, म्हणजे दुमडलेल्या पानांचा जुडगा, मधोमध उघडावा लागतो. तेवढंच हुसेनभाई वाचत. सोळातली दोन पानं! एवढ्या भांडवलावर ते गल्लीला कायदा शिकवत, आणि निवडणूक आली की बायकोला, नसीमबानूला, शिक्का कोणत्या चिन्हावर मारायचा तेही शिकवत. केंद्राच्या दारापर्यंत बजावत जात.

नव्वद सालच्या विधानसभेच्या मतदानाला आठवडा उरला असताना शेजारच्या दुकानदाराने यांच्या दारात स्कूटर लावली. यांनी लाकडी पाटी टांगली: ‘हे दार माणसांसाठी आहे.’ शेजाऱ्याने पाटी काढून फेकली. हुसेनभाईंनी ती उचलली आणि थेट त्याच्या कपाळावर लावली. तीन टाके पडले.

पोलिसांनी यांना कोर्टात आणलं, तिथे यांच्या बाजूचे यज्ञेश्वर वकील जामिनाचा कागद पुढे करून उभे होते. सही केली की घर. पण आमचे उंटावरचे शहाणे! जामीन म्हणजे गुन्ह्याची कबुली, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. आत गेलात तर मत बुडेल, असं वकिलांनी समजावलं, तर हे गालात हसले. कैदेतल्या माणसाला मतपत्रिका टपालाने येते, हे त्यांनी स्वतः शिवलेल्या पुस्तकात वाचलं होतं. येरवड्यातून मत टाकायचं आणि गल्लीत मान ताठ करून फिरायचं, असा बेत होता.

तुरुंगात ते रोज टपालाची चौकशी करत. अखेर तिथल्या कारकुनाने कंटाळून पुस्तकच पुढे ठेवलं. टपालाची सोय फक्त स्थानबद्धांना, म्हणजे खटल्याशिवाय खबरदारी म्हणून डांबलेल्यांना. बाकी कैद्यांना, खटला उभा राहायचा असला तरी, मत नाही. सवलत मधल्या पानावर होती. बंदी आदल्या पानाच्या तळाशी.

त्यांच्याच बराकीत वारज्याचा जयसिंग होता. तो आतूनच निवडणुकीला उभा होता. तो म्हणाला, “चाचा, मला उभं राहता येतंय, पन मलाच मत देता येत नाय. तुमचं काय घेऊन बसलाय?”

हुसेनभाईंना हसू आलं नाही. गुन्हा शाबीत नसताना मत काढून घेतात म्हणजे काय, या विचाराने त्यांचा जीव जळत राहिला.

मतदानानंतर दोन दिवसांनी नसीमबानू भेटायला आली. जाळीपलीकडे तिच्या बोटावरची शाई दिसली. शिक्का कशावर मारलास, हा त्यांचा पहिला प्रश्न. ती म्हणाली, मत गुप्त असतं, केंद्राबाहेर पाटी होती, मी पूर्ण वाचली.

“नसीम, माझं मत गेलं गं,” ते म्हणाले. “काही शाबीत झालेलं नसताना.”

“तुमचं एकदा गेलं,” ती म्हणाली. “माझं लग्नापासून जात होतं. मी कुणाचं कपाळ फोडलं होतं?”

हुसेनभाईंना लाज वाटली, आणि ते ती लपवत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जामिनाच्या कागदावर सही केली, पहिल्या ओळीपासून वाचून. पुढच्या निवडणुकीला दोघं बरोबरच निघाले. केंद्र येईपर्यंत हुसेनभाई फक्त उन्हाबद्दल बोलले.