कँटीनसमोर फोडलेली पार्सलं

एकाच कॉलेजात वीस वर्षं काढली, की किस्से आपोआप साठतात. मी कर्जतच्या एका ज्युनियर कॉलेजात कॉमर्स शिकवतो. त्रास एवढाच, की माझ्या प्रत्येक किश्श्याची हिरोइन आमची कँटीनवाली नसीमभाभी असते. मी आपला साइड रोलमध्ये!

*

ऑनलाइन खरेदीत पोरं फसू नयेत म्हणून ग्राहक मंच काढला मी. बॅनर माझा, प्रोजेक्टर माझा, एकशे दहा स्लाइड्स माझ्या. पहिल्या व्याख्यानाला तिघं आले. एकाला मोबाइल चार्ज करायचा होता, बाकीचे दोघं त्याच्या सोबतीला.

त्याच वेळी खाली कँटीनपाशी ही गर्दी! भाभी ओरडत होती, "आधी व्हिडिओ काढ रं, मंग पार्सल फोड!"

*

पळसदरीच्या काशिनाथने क्रिकेटचे बूट मागवले. आले ते दोन्ही डाव्या पायाचे! विकणारा म्हणे, तुम्हीच बदललेत. पण भाभीसमोर पार्सल फोडायचं म्हणजे नियम ठरलेला. चिकटपट्टी कापण्यापासून व्हिडिओ सुरू, वस्तू उलटीपालटी करून दाखवायची, लेबल मोठ्याने वाचायचं आणि शेवटी भाभी विचारणार, "ठेवायचा का परत करायचा?" उत्तर मिळेपर्यंत कॅमेरा चालू.

तो व्हिडिओ पाठवल्यावर नवीन जोड निमूट आला. काशिनाथने पेढे आणले आणि स्टाफरूमवरून सरळ कँटीनला गेला. मला पेढा मिळाला, पण मागून घ्यावा लागला.

*

कळंबच्या रेश्माला मेसेज आला, तुम्हाला सोडतीत स्कूटर लागली, ओटीपी कळवा. ती धावत माझ्याकडे आली. अखेर माझ्याकडे! मी चाळिसावी स्लाइड दाखवायला लॅपटॉप उघडला. तो चालू होईपर्यंत ती भाभीकडे पोचलीसुद्धा.

"सोडतीत नाव दिलं व्हतंस का गं?"

"नाय."

"मंग स्कूटर काय तुझा पत्ता हुंगत आली?"

रेश्माने नंबर ब्लॉक केला, तेव्हा माझा लॅपटॉप अपडेट होत होता.

*

मग मी परीक्षेतच प्रश्न घातला: 'ऑनलाइन मागवलेली वस्तू स्वीकारताना ग्राहकाने कोणती काळजी घ्यावी?' अर्ध्या वर्गाने लिहिलं, 'पार्सल भाभीसमोर फोडावे.' जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू! बरं, उत्तर चूक तरी कसं म्हणणार? अर्धा मार्क दिला.

*

यंदा मंचातर्फे एक सन्मान द्यायचं ठरवलं. निवड समितीत मी एकटाच होतो. निवड झाली, ट्रॉफी ऑनलाइन मागवली, पत्ता कॉलेजचा दिला. कुरियरवाला सगळ्यांची पार्सलं कँटीनमध्येच टाकतो, हे मात्र पार विसरलो.

मधल्या सुट्टीत खाली गेलो, तर पार्सल काउंटरवर आणि भोवती पंचवीस-तीस पोरं. मी म्हटलं, "घरी जाऊन उघडतो."

"आसं कसं, सर? नियम सगळ्यांना येकच!" भाभी म्हणाली. काशिनाथने कॅमेरा लावला.

भाभीने चिकटपट्टी कापली. ट्रॉफी काढली, उलटीपालटी केली, पदराने पुसली आणि मोठ्याने वाचलं, "आदर्श ग्राहक मार्गदर्शक." त्याखाली माझं नाव होतं, तेही वाचलं.

भाभीने ट्रॉफी कॅमेऱ्यासमोर धरली.

"कुठं तडा नाय, माल बरोबर हाय. बोला सर, ठेवायचा का परत करायचा?"