अजून सहा महिने

अंधेरीतल्या ज्या ऑफिसात मी नोकरी केली, तिथं अमेरिकेत पैसे गुंतवून कायमचं राहायला जाणाऱ्यांचे अर्ज भरले जात. मुलुंडहून एक बाई दर महिन्याला चौकशीला यायच्या. खुर्चीच्या कडेवर बसायच्या, पर्समधून छोटी डायरी काढायच्या आणि माझं उत्तर तारीख घालून लिहून घ्यायच्या. मंजुरीला वर्षानुवर्षं लागतात, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण खरं सांगितलं तर गिऱ्हाईक तुटतं, म्हणून मी म्हणायचो, "अजून सहा महिने, ताई."

त्या शेवटच्या आल्या, त्या दिवशी त्यांनी ती डायरी माझ्यापुढे उघडून ठेवली.

"बघा काका, सगळीकडे सहाच महिने! परवा लेकीला एकवीस पूर्ण झाली. एकविसानंतर मूल आईबापांच्या अर्जात धरत नाहीत म्हणे, आता आमच्या अर्जातून तिचं नाव उडालं. तेव्हाच खरं बोलला असतात, तर तिला तिकडे शिकायला तरी पाठवली असती ना!"

मी अमेरिकेच्या सरकारकडे बोट दाखवलं.

आता निवृत्त झालोय, तरी रोज सकाळी त्या इमारतीच्या जिन्यापाशी उभा राहतो. वॉचमन वैतागतो. "काय आजोबा, परत आलात?"

"उद्याही येणार."

मग फाइल घेऊन वर निघालेल्या माणसाला थांबवतो आणि आधी विचारतो, "मुलं किती वर्षांची आहेत तुमची?"