चार वाजताचा पत्ता

आमच्या खानापूरच्या इंटरनेट ऑफिसात नागेंद्र माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. गडी मुलखाचा हट्टी. नेटच्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो. तो कुणाचा, असं कॉम्प्युटरला विचारलं की नाव येतं. पण ते आधी कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. आमच्याकडे ते काम नागेंद्रचं. साहेब म्हणतात, ग्राहक क्रमांक लिही. हा लिहितो घरातल्या थोरल्या माणसाचं नाव. क्रमांक सांगून गावात कोण घर दाखवतं, हे त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नाही.

कणकुंबीला त्याच्या आईचं घर. तिथल्या जोडणीचं नाव अर्थातच 'रुक्माबाई'. म्हातारी रोज दुपारी चारला व्हिडिओ कॉल लावायची आणि हा रोज म्हणायचा, "आई, कामात हाय गं. मग लावतो." ते 'मग' कधी उजाडलंच नाही. गेल्या वर्षी ती गेली.

जोडणी बंद केली, पण नाव त्यानं पुसलं नाही. वर्षश्राद्धापर्यंत गेलेल्या माणसाचं नाव कशावरूनच काढत नाहीत, ही त्यांच्या घरची रीत. अरे, हे काय रेशनकार्ड आहे, म्हणून मी त्याला चिडवलंही.

दिवाळीनंतर रोज चारच्या ठोक्याला एक पत्ता आमच्या सर्व्हरवर यायला लागला. मिनिटभर थांबायचा आणि जायचा. नागेंद्रनं विचारलं, कुणाचा? नाव आलं, रुक्माबाई.

माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. तिचा पत्ता दुसऱ्या कुणाला दिला असेल, नाव तेवढं जुनं राहिलंय, असं मी ठणकावून सांगितलं. यादी काढली. पत्ता कुणालाच दिलेला नव्हता. मग नागेंद्र कणकुंबीला जाऊन आला. घराला कुलूप, वीज तोडलेली, राउटरवर बोटभर धूळ. खरं सांगते, तेव्हापासून चार वाजत आले की मी चहाच्या निमित्तानं उठून जाते.

काल वर्षश्राद्ध झालं. आज नाव पुसायचं. पुसलं तर तिचं येणंच बंद होईल, या भीतीनं नागेंद्र सकाळपासून ते पुढं ढकलत होता. त्याला एकटं टाकून जायला माझं मन होईना. मी बसून राहिले.

चार वाजले. पत्ता आला. नागेंद्रच्या मोबाइलवर साहेबांचा फोन येत होता, तो त्यानं पालथा घातला. कानाला हेडफोन लावून हळूच म्हणाला, "आई, आज कामात न्हाय गं. बोल."

रोज मिनिटभर थांबणारा तो पत्ता आज ऑफिस बंद होईपर्यंत हलला नाही.