बोटांना ठाऊक असलेला पासवर्ड

"फाईल मिळाली का, मॅडम?" मिलिंद गायकवाडांनी विचारलं.

मिळाली होती. प्रॉब्लेम फाईलचा नव्हताच.

उल्हासनगरात माझं डेटा रिकव्हरीचं छोटं ऑफिस आहे. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचे फोटो, दुकानाचे हिशेब, लग्नाचे व्हिडिओ बाहेर काढायचे, हे माझं काम. त्या दिवशी समोर दोन गृहस्थ बसले होते आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. मिलिंद अंबरनाथचे, आनंदनगर एमआयडीसीत पॅकेजिंगच्या कंपनीत सुपरवायझर. शेजारी लालवानी, इथलेच, कॉम्प्युटर पार्ट्सचे व्यापारी.

एके काळी मिलिंदचं डीटीपीचं दुकान लालवानींच्या दुकानाला लागून होतं. डीटीपी म्हणजे लग्नपत्रिका, हँडबिल, बॅनर कॉम्प्युटरवर टाईप करून छापण्यासाठी तयार करायचे. बिटकॉईन हा शब्द तेव्हा इथे कुणाच्या कानावरही नव्हता. लालवानींनी तो कुठून तरी ऐकला. दोघांनी अर्धे अर्धे पैसे घालून थोडी कॉईन घेतली. ती मिलिंदच्या कॉम्प्युटरवर ठेवली, कारण लालवानींच्या टेबलावरचा कॉम्प्युटर कधी गिऱ्हाइकाला विकला जाईल याचा भरवसा नसायचा. पुढे मिलिंदनी दुकान बंद करून नोकरी धरली. कॉईनचे भाव चढल्यावर दोघांना आठवण झाली. कॉम्प्युटर लावला, पासवर्ड मागितला गेला, आणि मिलिंदना तो काही केल्या आठवेना.

लालवानींना हे पटलं नाही. तेव्हापासून अबोला.

मिलिंदच त्यांना माझ्याकडे घेऊन आले होते. उघडेल तेव्हा हा समोर असला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"मॅडम, इनको पूछो," लालवानी मला म्हणाले, "सगळं विकून तर नाही ना बसले?"

मिलिंद हातभर अंतरावर होते.

म्हटलं, आधी याचंच उत्तर देऊ. कॉईनच्या या फाईलला वॉलेट म्हणतात. वॉलेट म्हणजे पाकीट, पण या पाकिटात नाणी नसतात. कुणाकडे किती कॉईन आहेत याची नोंद जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर उघडी पडलेली असते. वॉलेटमध्ये असते फक्त चावी, एक भलामोठा आकडा. ती चावी पासवर्डने बंद केलेली. बघायला पासवर्ड लागत नाही, हलवायला लागतो.

मिलिंदच्या वॉलेटचा पत्ता मी इंटरनेटवर टाकला. कॉईन आली त्या दिवसाची नोंद दिसली. त्यानंतर काहीच नाही. एकही कॉईन जागची हलली नव्हती.

लालवानींनी खुर्ची पुढे ओढली. स्क्रीनवरची ती एकच नोंद वाचली. "म्हणजे हे सगळ्या दुनियेला दिसतं," ते हळूच म्हणाले, "आणि हात कोणीच लावू शकत नाही?"

"चावीशिवाय कोणीच नाही. बनवणाराही नाही."

हे मी गिऱ्हाइकांना अनेकदा सांगितलंय. पण त्यांचा चेहरा बघून त्या दिवशी मलाही त्याचं नव्याने नवल वाटलं. ही वस्तू एवढी वर्षं उघड्या मैदानात पडली होती, आणि सगळ्या पृथ्वीवर एकालाही ती उचलता आली नव्हती.

मग पासवर्डच्या मागे लागले. मिलिंदना एवढंच आठवत होतं की त्यात लग्नाचं काहीतरी होतं. मी त्यांच्या बायकोचं नाव, लग्नाची तारीख, हॉलचं नाव, सगळं घेऊन प्रोग्रामला दिलं. तो या शब्दांची उलटसुलट जुळणी करून एकेक पासवर्ड लावून बघतो. वॉलेट बनवणाऱ्यांनी हे ओळखून प्रत्येक प्रयत्न मुद्दाम संथ केलेला असतो. अंदाज जवळचा असेल तरच काम होतं. नुसतं अंधारात चाचपडायचं म्हटलं तर आनंदनगरच्या सगळ्या कंपन्यांतले कॉम्प्युटर जोडूनही आपला जन्म पुरणार नाही.

मशीन कित्येक दिवस चालू ठेवलं. काही निघालं नाही. शेवटी मी मिलिंदना फोन करून सांगितलं की आता आशा कमी आहे. ते म्हणाले, ठीक आहे. मग म्हणाले, "पैशाचं जाऊ द्या. पण त्याला वाटतंय तसा मी नाही, एवढं तरी त्याला दिसलं."

फोन ठेवला आणि मला उगाच त्यांचं दुकान डोळ्यासमोर आलं. हा माणूस दिवसभर टाईप करायचा. पण काय? मराठी. आणि मी सगळे शब्द इंग्रजी स्पेलिंगने टाकले होते.

जुन्या मराठी फॉन्टमध्ये एक गंमत असते. बटणं इंग्रजीच दाबायची, फॉन्ट त्यांना मराठी अक्षरांचा आकार देतो. 'ई' दाबलं की म, 'एक्स' दाबलं की ग. पासवर्डच्या चौकटीत मात्र नुसते ठिपके दिसतात. मिलिंदनी तिथे मनात मराठी धरून टाईप केलं असेल, तर आत गेलेलं इंग्रजी त्यांनी स्वतःही कधी पाहिलं नसणार.

दोघांना परत बोलावलं. मिलिंदपुढे कीबोर्ड ठेवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. म्हटलं, दुकानात सकाळी मशीन लावल्यावर आधी काय टाईप करायचात, ते करा.

"फॉन्ट बरोबर आलाय का बघायला 'मंगल परिणय' मारायचो," ते म्हणाले. "आमच्या लोकांच्या पत्रिकांवर वर तेच असतं."

त्यांनी सावकाश, आठवून आठवून टाईप केलं. मी ते वॉलेटला दिलं. चूक. पुन्हा केलं. पुन्हा चूक. विचार केला की बोटं अडखळत होती.

तेवढ्यात लालवानी बोलले. माझ्याशी नाही.

"मिलिंद, माझ्या बहिणीच्या पत्रिकेत तू हॉलचा पत्ता चुकवला होतास. याद आहे?"

"मी चुकवला?" मिलिंद एकदम त्यांच्याकडे वळले. "तूच चुकीचा लिहून दिलास. वर अर्धे पाहुणे शहाडला गेले म्हणून माझ्यावरच ओरडलास."

"गेलेच होते ना. मामा तर दुसऱ्याच लग्नात जेवून आला."

मिलिंद हसायला लागले. हसताना बोटं कीबोर्डवर चालूच होती, आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. स्क्रीनवर मला इंग्रजी अक्षरांची एक ओळ उमटताना दिसली: ई, ए, एक्स, वाय... म्हणजे 'मंगल'. पुढे 'परिणय'. पण या वेळी हात तिथे थांबला नाही. जागा सोडून त्याने आणखी तीन बटणं दाबली, आणि एंटर. ती तीन बटणं म्हणजे 'चि.' होती, पत्रिकेत नवरदेवाच्या नावाआधी येते ती.

मी ती ओळ उचलून वॉलेटला दिली. कुलूप उघडलं.

एवढ्या वर्षांत मी कितीतरी डिस्क उघडल्या आहेत. पण माणसाच्या डोक्यातून पुसलेली गोष्ट त्याच्या बोटांत जशीच्या तशी शाबूत राहते, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. मिलिंद आपल्या हातांकडे बघत बसले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. लालवानींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माफ कर यार." मिलिंदनी नुसती मान हलवली.

त्याच बैठकीत मी दोघांची वेगळी वॉलेट करून कॉईन निम्मी निम्मी त्यांत हलवली. नवे पासवर्ड टाकताना त्यांनी मला भिंतीकडे बघायला सांगितलं. मी बघितलं.

आता कुणी पासवर्ड विसरलोय म्हणत आलं, की मी बायकोचं नाव आणि जन्मतारीख नंतर विचारते. तेव्हा तुम्ही काय काम करत होतात, हे आधी.