डोईफोडियाच्या मशीनचा रिप्लाय

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... पण हे एकदा कुठेतरी लिहून टाकायचं होतं.

आमच्या बुऱ्हाणपूरच्या केळी संस्थेत दुसरी एक संस्था विलीन झाली, त्या वर्षातली गोष्ट. निंबोला, देडतलाई, डोईफोडिया — सगळ्या केंद्रांचे कॉम्प्युटर हेड ऑफिसला जोडलेले ठेवणं माझ्याकडे. म्हणजे दिवसभर काळ्या स्क्रीनवर एकेका मशीनचा नंबर टाकून पिंग करत बसायचं. मशीन चालू असेल तर रिप्लाय येतो, नाहीतर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. अक्षरशः वीट आला होता.

त्यात डोईफोडियाच्या मशीनचा पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज देणारा डबा, जळाला. मी तो काढून आणला, दुरुस्त करून घेतला. दुसऱ्या दिवशी नेऊन बसवायचा होता. तिथलं केंद्र वसंताभाऊ एकटेच सांभाळायचे. वयाने मोठे, मला धाकट्या भावासारखं वागवायचे.

त्या दुपारी हाताच्या सवयीने डोईफोडियालाही पिंग केलं — आणि रिप्लाय आला! पुन्हा केलं, पुन्हा आला. वाटलं, भाऊंनी कुठून तरी दुसरा सप्लाय मिळवला. चला, माझी एक खेप वाचली. विचारायला फोन लावला, तर उचलेनात. मशीन बंद असतं तर म्हटलं असतं, काम नाही म्हणून घरी गेले. पण मशीन चालू, म्हणजे माणूस समोर. मग फोन का घेत नाही?

साहेब म्हणाले, “अरे सोड ना यार, चाय प्यायला गेले असतील.” मलाही उठवत नव्हतं. तरी बॅग खांद्याला मारली आणि स्वतःला शिव्या देत मोटरसायकल काढली.

शटर अर्धं उघडं. भाऊ टेबलामागे जमिनीवर, घामाने भिजलेले, छाती धरून. केळीच्या एका पिकअपमध्ये घालून दवाखाना गाठला. थोडा उशीर झाला असता तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी केंद्राला कुलूप लावायला गेलो, तेव्हा मशीनकडे नजर गेली. झाकण उघडं. सप्लायची जागा रिकामी, आत धूळ. आणि सप्लाय? माझ्याच खांद्यावरच्या बॅगेत होता.

जाणकार म्हणतील, एकच नंबर दोन मशीनना दिला गेला असेल. सगळं नेटवर्क पिंजून काढलं. तसं काहीच निघालं नाही.

भाऊ अजून विचारतात, “अरे, मी तं खाली पडेल होतो. तुले सांगितलं कोनं?”

ते केंद्र केव्हाच बंद झालं, मशीन भंगारात गेलं. पण भाऊंनी फोन उचलला नाही की मी आजही तो नंबर पिंग करतो. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतं... आणि माझ्या जिवात जीव येतो.